तेरावा टायबेरियस

कलावती विचारते, तोच तोच माणूस किती वेळा विकत घेणार?
मी म्हणतो, तोच नाही.
ह्याचं नाक बघ. ह्याच्या मानेवरची फीत बघ.
मागच्या बाजूला बसलेली बाई, त्याची आई म्हणतात,
तिच्या खुर्चीचे पाय इथं सरळ आहेत,
इथं लेथवर काढल्यासारखे.
ती भिंग डोळ्याला लावते, परत देते.
"सगळे सारखेच रुसलेत,"
आणि भाकरी उलटायला जाते.

तेवीस वर्षं राज्य केलं ह्यानं
आणि चांदीच्या नाण्यावरचं चित्र जवळजवळ बदललंच नाही.
पुढं आपण, मागं आई.
मला ते समजतं.
उद्यमनगरात एकतीस वर्षं
मी एकाच पंपाच्या बॉडीचे पॅटर्न केले
सागवानात, शंभराला एक वाढवून,
कारण ओतलेलं बीड थंड होताना आक्रसतं.
बघणाऱ्याला तेच ते.
हाताला माहीत असतं.

पहिला गुजरीत सापडला,
अण्णा पोतदारांकडं, पैंजणांच्या मोडीत.
वर कडी डाखलेली.
कुठल्या कोण बाईच्या गळ्यात घासून घासून
राजाचा गाल सपाट झालाय.
त्याच्या मुलखात त्याला
एवढं जवळ कुणी घेतलं असेल, वाटत नाही.

दुसऱ्याच्या कपाळावर छिन्नीचा घाव.
आत तांबं आहे का बघायला
इकडच्याच कुणा सराफानं घातलेला.
बरोबर केलं.
राजा असला म्हणून काय झालं.

असे बारा.
प्रत्येकी पावणेचार ग्रॅमच्या आतबाहेर.
टाउन हॉलच्या म्युझियममध्ये
ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला त्यांचा समुद्रदेव उभा आहे,
त्याला मी अधूनमधून सांगून येतो
तुमचे किती जण माझ्याकडं पोचले.

मग माघात निपाणीचा एकजण घरी आला.
पेन्शनचे पाच महिने मोजून दिले.
कलावती म्हणाली, तेरावा म्हणू नका,
तेरावं घातल्यासारखं वाटतं.

रात्री दिव्याखाली धरला.
भुवई सुरेख. अक्षरं सगळी जागेवर.
पण ठोकलेली चांदी काठाकडं पळालेली असते,
घण चुकवायला निघाल्यासारखी.
ही निवांत बसली होती.
हनुवटीखाली सुईच्या टोकाएवढी दोन भोकं:
वायू अडकलेला.
आणि कानाजवळची ती भेग,
माझ्या अकराव्याला आहे तीच, तिथंच.
व्हर्नियर लावला.
कपाळापासून हनुवटीपर्यंत केसभर लहान.

काठावर कानस फिरवलेली, तिरकी,
डाव्या हाताची.

दिवाळीला इर्शाद आला होता.
अकरावा मुठीत धरून बराच वेळ बसला होता,
चकली तशीच.
मला वाटलं, पोराला गोडी लागली.

सकाळी त्याच्या शेडवर गेलो.
त्यानं ब्लोअर बंद केला.
नाणं बेंचवर ठेवलं, शेजारी चहाचे दोन ग्लास आले.
त्यानं उचललं नाही. बघितलंही नाही.
मी म्हणालो, "लेका, आक्रस धरायची राहिली."
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"घाई झाली, मिस्त्री."

दोन भट्ट्यांपैकी एक थंड होती.
कोपऱ्यात सुट्टे पॅटर्न, माझ्या हातचे,
ऑर्डर नाही म्हणून धूळ खात.
एवढं बघितलं आणि चहा प्यालो.

पैसे हप्त्यानं देतो म्हणाला.
मी हो म्हटलं. सोडू कशाला?
नाणं मात्र परत दिलं नाही.

मखमलीच्या तेराव्या खणात ते थोडं ढिलं बसतं.
खाली पेन्सिलीनं लिहिलंय:
टायबेरियस. टांकसाळ, उद्यमनगर.

कलावतीनं काल भिंग लावून तेराही बघितले
आणि ह्याच्यावर थांबली.
"हा एकटाच जरा हसतोय की ओ."
मी म्हणालो, बघू.
खरंच, ओठाचा कोपरा
कानशीनं थोडा वर गेलाय.