आठव्या मजल्यावरची खिडकी

साओ पावलोतल्या त्या अख्ख्या भिंतीला एकच खिडकी,
झुल्मिराबाईंनी चोरून फोडलेली, न्हाणीघराची.
मी दोरावर लोंबकळत देवमासा रंगवत होते;
परवाना माझ्याकडेही नव्हताच.

"वाळत घातलेल्या कपड्यांवर निळा सांडलास,"
म्हणत त्यांनी कॉफीचा पेला बाहेर धरला.
मग, "आणि मी कुठे येते गं ह्यात?"
डोळ्यात, म्हटलं.
त्या नुसत्या हूं म्हणाल्या.

मार्चमध्ये पालिकेची माणसं आली, राखाडी डबे घेऊन.
शेपूट गेलं, पोट गेलं.
खिडकीला तेवढा वळसा घालून गेला ब्रश.

उशिराच्या बसने पुलावरून जाताना
अजून मान वळते.
कोरी भिंत.
बाईंना रात्री दोनदा उठावं लागतं:
मासा डोळा उघडतो,
मिटतो.