दीडशे नंबरची सुई

हब्तेझगी आला तेव्हा शटर अर्धंच उचललं होतं मी.
वाकून आत शिरला, काउंटरवर रुमाल सोडला.
आत सुई. लवंगेएवढी.
"लेतेब्रहान, एवढीच बदलून दे. बैठक चांगली आहे."

अस्मारात छप्पन सालच्या फियाट अजून लग्नं लावतात.
त्याची पांढरी अकराशे, बॉनेटवर रिबिनी,
मागच्या रविवारी अर्बारोबाच्या चढावर अडली.
कार्ब्युरेटर काठावरून ओसंडत होता,
नवरी उतरून नेत्सेलाच्या टोकानं नाक झाकून उभी,
सासरची माणसं कोट काढून गाडी ढकलत होती.
भाडं अर्धंच मिळालं.

भिंगाखाली धरली सुई.
टोकाजवळ बारीक अंगठी:
इतकी वर्षं एकाच जागी टेकून पडलेली खाच.
फ्लोट वर आला की पेट्रोल अडवायचं,
खाली गेला की सोडायचं.
एवढ्या कामात झिजली.
म्हटलं, बैठकही हिच्यासोबतच झिजली आहे,
नवीचं तिच्याशी जमणार नाही. जोडी घे.
"सगळे दुकानदार असंच म्हणतात," तो हसला.
वडील म्हणायचे तेव्हाही लोक हसायचे.

ड्रॉवरमधून तीन जोड्या काढल्या.

एक भाच्यानं बोलोन्याहून पाठवलेली, काळ्या रबरी टोकाची.
बारीक कचरा आला तरी घट्ट बसते, म्हणून सगळे तीच मागतात.
पाकिटावर तारीख अकरा वर्षांपूर्वीची.
रबरात नख रुतवून पाहिलं.
रुतलं नाही.

दुसरी चकचकीत, बैठकीवर आकडा १७५.
त्याची नजर तिथेच.
"मोठी आहे ना? चढावर जोर येईल."
नाकापेक्षा मोती जड, मी म्हटलं.
भोक मोठं केलं म्हणून इंजिनाची तहान वाढत नाही.
पंपाचा रेटा मात्र वाढतो सुईवर,
आणि अडवायला फ्लोट तोच, तेवढाच हलका.
पुन्हा नवरी रस्त्यावर.
तो गप्प झाला, पण आकडा त्यानं अंगठ्यानं एकदा चाचपलाच.

तिसरी वडिलांच्या डब्यातली,
खोकल्याच्या गोळ्यांचा डबा, झाकण चेमटलेलं.
पोलादी सुई, रंग मेलेला. १५०.
नवी होती की कुठल्या मोडीतल्या गाडीतून निघालेली,
सांगायला आता कुणी नाही.
बैठकीत सोडली, उलटी केली: अलगद घसरून तळहातावर.
म्हणजे अडकत नाही.
मग बैठकीचं तोंड ओठांत धरलं,
सुई बोटानं दाबली, श्वास ओढला.
जीभ खेचली गेली, गाल आत गेले.
हवा नाही.
दहा मोजले. हवा नाही.
बोट उचललं, तशी आली एकदम,
तेलकट, शिळी, कुणाच्या तरी गॅरेजमधली.

हेच माझं यंत्र. वडिलांनी शिकवलेलं.
आईला खपायचं नाही, पोरीच्या तोंडाला पेट्रोलचा वास.
बघायला आलेले दोनदा परत गेले,
कारण हेच, असं मी म्हणत नाही.

"चारशे नक्फा."
"जुन्या मालाचे?"
"श्वासाचे," असं म्हणणार होते, म्हटलं नाही.
तीनशे साठला तुटलं.
वॉशर तांब्याचा, एकच, पातळ.
दोन घातलेस तर पातळी खाली जाईल,
मग चढावर इंजिन उपाशी राहील
आणि तू पुन्हा १७५ मागत येशील.
त्यानं मान हलवली, ऐकलं की नाही कळलं नाही.

रविवारी हॉर्न वाजवत वरात गेली समोरून.
चौकात गाई आडव्या आल्या, अकराशे थांबली.
मी दारात उभी राहून कान दिला.
रिकाम्या गतीवर इंजिन, मांजरासारखं.
वास? वारा उलटा होता.

जुनी सुई रुमालासकट विसरून गेलाय.
रुमाल धुऊन ठेवला.
सुई डब्यात टाकता येत नाही,
पुढचा कुणी घाईत नेमकी तीच उचलेल.
म्हणून एप्रनच्या खिशात आहे.
हात घातला की लागते बोटाला,
टोचत नाही.