लाल खडू

कुपवाडच्या फाउंड्रीत एकवीस वर्षं
माझं काम एवढंच:
पंपाचं केसिंग हातोडीनं वाजवायचं
आणि ऐकायचं.
खणखणीत असेल तर पुढे.
बद्द वाजलं, की लाल खडूची फुली.
खोट असणारच, असं धरून हात लावायचा;
पगार त्याचाच.

भट्टीवर दस्तगीर मुजावर, मिरजेचा.
"अण्णा, आजची हीट बघा. लोणी!"
रोज म्हणायचा.
रोज शंभरातली सहा-सात मी परत पाठवायचो
आणि तो ती पुन्हा भट्टीत घालायचा,
जत्रेत हरवलेलं कुणी सापडावं
तशा चेहऱ्यानं.

मग त्यानं नोकरी सोडली.
बामणोलीच्या माळाला पत्र्याची शेड.
पहिल्या वर्षी भट्टी बसली,
दुसऱ्या वर्षी तो.
कॅन्टीनमध्ये मी म्हणालो, "बोललो नव्हतो?"
खरंच बोललो होतो.
त्या दिवशीचा चहा जरा गोड लागला.
लाज वाटते सांगायला, पण लागला.

घरी कपाटात एक अर्ज आहे.
स्वतःची टेस्टिंग लॅब टाकायची म्हणून
विश्रामबागेतल्या बँकेतून आणलेला.
नाव, पत्ता, जन्मतारीख भरलेली.
पुढे रकाना: अपेक्षित उत्पन्न.
तिथं मी हातोडी मारून बघितली.
बद्द.
अकरा वर्षं झाली त्याला.

गेल्या शनिवारी दस्तगीर आला,
मोटरसायकलला पोतं बांधून.
शेड तिसऱ्यांदा चालू केलीय म्हणाला.
पोत्यात बारा केसिंग.
"मला सगळीच चांगली वाजतात, अण्णा.
तेच तर दुखणं आहे."

अंगणात बसून वाजवली.
पाच गेली.
वाद नाही, तोंड वाकडं नाही.
माझाच खडू घेऊन त्यानं पाचांवर तारीख लिहिली
आणि विचारलं,
"वाळू ओली राहिली असेल का?"

एकवीस वर्षं मी फुल्या मारल्या,
फुलीच्या पुढचं कधी विचारलं नव्हतं.
वास घेतला, बोट फिरवलं.
वाळू ओलीच होती.

तो गेल्यावर बायको म्हणाली,
जेवायचं सोडून कपाटात काय शोधताय?

अपेक्षित उत्पन्न:
आकडा लिहिला. जास्त वाटला.
खोडला नाही.
शेजारी खडूची बारीकशी फुली केली,
आणि तिच्यापुढे, पेननं,
वाळू बघणे.