बुजवलेलं भोक

आधी भोंगा काढायचा, मग साउंडबॉक्स, मग थाळी.
माणसांची चौकशी शेवटी.
कोपरखैरण्यात, मिक्सर-गिझर दुरुस्तीच्या माझ्या गाळ्यात
ठकूबाई मढवी स्टुलावर टेकल्या.
नातू उभाच, मोबाइलवर
पामबीच रोडच्या कुणा हॉटेलवाल्याचा मेसेज उघडून:
शंभर वर्षं जुना असेल तर तसं लिहून आणा.

"यो बाजा आमचे सासऱ्याचा.
खाजणाचं पैसं आलं तवा घेतलेला."

मी बघत गेलो.
जुनं पितळ हात लागतो तिथे झिजतं,
इथे झीज सगळीकडे सारखी, म्हणजे ॲसिडची.
पाकळ्यांचे सांधे आतून रवाळ.
पेटी सागाची म्हणावी तर कोपऱ्यात प्लायवूडचे पापुद्रे,
वरून चहाचं पाणी आणि बुटपॉलिश.
कुत्र्याचं चित्र जरा जास्तच ताजं;
शंभर वर्षं ऐकत बसलेला कुत्रा
इतका टवटवीत राहत नाही.

मोटार मात्र खरी.
स्प्रिंगच्या डब्यातल्या ग्रीसचं डांबर झालेलं,
गव्हर्नरचे तिन्ही गोळे शाबूत,
चावी दिली तर अजून एक बाजू पुरी ओढते.

मग थाळी उचलली.
खाली फळीवर, स्क्रूपासून बोटभर अंतरावर
एक चुकीचं भोक,
लाखेनं बुजवलेलं, घासून सारखं केलेलं.

माझा डावा गाल आपोआप हलला.

शहाऐंशी साल. कुर्ल्याचा पत्र्याचा कारखाना.
उस्ताद म्हणाला होता, मापून पाड.
मी अंदाजे पाडलं.
आधी थप्पड, मग हातात लाखेची कांडी.
महिन्याला तीस बाजे जुने करायचो आम्ही,
भोंगे चार चार रात्री खाडीच्या चिखलात पुरून.
चिखल कुणाचा, हे तेव्हा कोण विचारतो.

सांगून टाकलं सगळं.
नातवाचा मोबाइल खाली आला.
ठकूबाई पदरानं भोंग्याची कड पुसत राहिल्या, बराच वेळ.
मग म्हणाल्या,
"तुला किती मिळालेलं याचं?"

सात रुपये.

"सासऱ्यानं दोन हजार मोजलं.
जमीन सरकारची झालेली, पन भरणी व्हायची होती.
राता उभा होता, लाल तांदूल.
हाशा मढवी रोज सांजचा यो बाजा डोक्यावर घेऊन
बांधावर जायचा, लावून बसायचा.
तबकडी एकच. भातालाबी पाठ झालेली.
मंग डंपर आलं."

थांबल्या. मग हसल्या, खरंच हसल्या.
"तुला सात, आमाला तसला भाव.
ठरवनारा एकच मानूस दिसतोय."

मी कागद ओढला.
मोटार, चालू: साडेतीन हजार.
भोंगा: पितळेच्या वजनावर.
पेटी: पुढे काही लिहिलं नाही.
वय: माझ्या पहिल्या नोकरीइतकं,
हेही लिहिलं नाही.

भोक नीट बुजवून देतो म्हटलं,
सागाची खुंटी मारून. पैसे नकोत.

"ऱ्हाऊ दे," ठकूबाई म्हणाल्या.
"चूक हाय, म्हंजे हातानं केलाय."

सुयांची एक डबी तेवढी घेतली, ऐंशी रुपये.
झाकण उघडून सुया मोजल्या,
मग नोटा मोजल्या.

नातवानं हॉटेलवाल्याला काय कळवलं, माहीत नाही.
पेटी स्कूटरवर त्याच्या पायांत,
भोंगा मागे बसलेल्या आजीच्या खांद्यावर.
सिग्नलपर्यंत दिसत होता,
तोंड माझ्याकडे.