साडेतीन मासे

तेरच्या पांढरीची माती उपसताना
गयाबाई शिनगारेला घावलं,
चिंचेनं घासून आणलं.
काट्यावर साडेतीन मासे.
गालावर जुनी टाच —
तेव्हाच्या कुणा सराफानं
आत तांबं आहे का पाहिलेलं.

मिसरूड न फुटलेलं पोर,
नाक तेवढं झिजलेलं.
संग्रहालयातले नागनाथराव म्हणाले,
रोमचा धाकटा बादशहा हा;
नाण्यावर तोंड याचं,
हुकूम थोरल्याचा.

गादीवर वडील, ब्याण्णवाचे.
मला एकसष्टावं,
गिऱ्हाईक अजून म्हणतं
धाकले मालक.

"मोडीत घेऊ का?" म्हणालो
आणि सवयीनं मागं बघितलं.

"मोडू नका. भोक पाडा,
नातवाच्या गळ्यात घालते."

कानामागं पाडलं,
चेहरा सांभाळून.
मजुरी घेतली नाही.
वडलांना विचारलंही नाही.