तेराशे चार

शेवटची फेरीबोट तवसाळला लागली
की मी टेबलावरची दाभणं, नायलॉनची रिळं बाजूला सारतो
आणि स्कॅनरची वायर कॉम्प्युटरला जोडतो.
चोरून ऐकतो म्हणायचं असेल तर म्हणा.

पूर्वी सोपं होतं.
सोळावर हाक मारायची, मग ठरल्या चॅनलवर सरकायचं,
कोण कुठे बोलतो ते अख्ख्या खाडीला पाठ.
आता पलीकडच्या बंदरात कुणाची जागा कुणाची नाही.
बटण दाबलं की यंत्र एक रिकामी वाट काढून देतं,
वाक्य संपलं की परत घेतं,
उत्तर तिसऱ्याच वाटेने येतं.
माझ्या हाती नुसते तुकडे :
दोर ढिला कर
चहा धाड रे वर
नऊ नंबरला अजून

तीन रात्री आवाजामागे धावलो.
चौथ्या रात्री उमगलं, धावायचं नसतं.
एक चॅनल असतो, त्याच्यावर कुणीच बोलत नाही,
रातकिड्यासारखा करकरत असतो अष्टौप्रहर,
आणि कोण कुठे गेला ते त्यालाच ठाऊक.
त्याला धरून बसायचं.

मग भरतीच्या कॅलेंडरामागे लिहिलेल्या फ्रिक्वेन्सी
एकेक भरल्या, ओळीने.
ओळ मोडली तर आकडा खरा असूनही
भलत्याच घराचं दार उघडतं.
(एकदा उघडलं. वजनकाट्यावरचे दोघे
कोलंबीच्या भावावरून भांडत होते. ऐकत बसलो.)

मग गट. क्रेन. गेट. टग एक, टग दोन.
सुरक्षेवाल्यांचा कुलूपबंद, तिथे नुसती खरखर,
असू दे.
आणि एक तेराशे चार, बिननावाचा.
पावणेतीनला तो उजळला.

"बोऽल."

असा बोल लांबवणारी माणसं दोनच,
बापूस होडीवरून ओ द्यायचा तेव्हा,
आणि लवू.

होडी विकली तेव्हा इंजिनाचे पैसे कुणी घेतले
यावर आम्ही सात वर्षं बोललो नाही.
खाडी इथे इतकी अरुंद
की त्याच्या टगचा दिवा माझ्या पाण्याच्या तांब्यात दिसतो.

"बोल, ऐकतोय," तो म्हणाला. कुणाला कोण जाणे.
पलीकडून काही आलं नाही.
मी माझं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं,
जसं काही मला माहीत नव्हतं
की याला बोलायचं बटण नसतं.
मग तो खोकला. कोरडा, खोल, दोनदा.
वाट यंत्राने काढून घेतली.

नावाच्या रकान्यात बराच वेळ काही लिहिलं नाही.

सकाळी गुहागरला सुमतीआक्काला फोन लावला.
त्याच्या मुलीची दहावी मला तीच सांगते,
माझा गुडघा त्याला सांगत असेल.
म्हटलं, लवूला सांग, छातीला तेल लाव,
रात्रपाळीला मफलर घेत जा.
ती थोडी थांबली.
तुला रे कसं कळलं?

म्हटलं, वारा तिकडून होता.