भांड्यांच्या मशीनचं दार

मशीन कुठं आहे ते पाहुण्यांना कळू नये
म्हणून तिला कपाटाचंच दार लावलेलं,
बदामी लॅमिनेट, पितळी मूठ.
मंगळवारी ते मुठीसकट माझ्या हातात आलं.

कंपनीवाला म्हणाला, पॅनल सुताराचं.
सुतार म्हणाला, मशीन कंपनीची.
बेचाळीस डिग्रीत, डोक्याला ओला दुपट्टा बांधून
इतवारीतून चांदणीच्या टोकाचा पेचकस आणला मीच.

प्लायवूडची भोकं वाफेनं फुगून पोकळ झालेली.
आगकाड्या मोडून भरल्या, वर फेव्हिकॉल.
वाळू दिलं.
आता एक हात धरायला, एक पिळायला,
आणि तोल सांभाळायला तिसरा कुठला आणू?

शेवंता पोळ्या लाटत होती.
"सरका वो ताई, मी धरतो."

अकरा वर्षं हिनं आमची भांडी घासली.
मशीन आली त्या महिन्यात
मी तिचे पंधराशे कमी केले
आणि म्हणाले, तुझे हात तरी वाचतील.
ती तेव्हा नळ बंद करत होती.
नीट बंद केला.

आज तिनं खालून गुडघा लावला,
पिठाचे दोन पंजे बदामीवर.
"थोडं डावीकडं."
"हं. घ्या आता पिळून."

चारही स्क्रू बसले.
कपाटांच्या रांगेत मशीन पुन्हा दिसेनाशी झाली.
फडकं तिनंच आणलं.
राहू दे गं, मी म्हटलं.
"डाग दिसन ना ताई,"
आणि तिनं पुसून टाकलं.